अकराव्या प्रकरणातला शेजारी

सुधाकर, तुझ्या फोटोला हार घालताना मला हसू आलं. तेराव्याला जमलेल्या लोकांना ते रडू वाटलं. दोघा-तिघांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मीही त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला. फोटो तुझ्या पुस्तकाच्या मागच्या पानावरचाच होता. काळा बंद गळ्याचा कोट, हाताची घडी, एक भुवई वर चढलेली, मागे धुक्यात कुठलासा किल्ला. दर्शनाला आलेल्या माणसाकडेही तू असा बघत होतास की याची कमजोर बाजू कोणती असेल बरं.

मग भाषणं झाली. एक क्लासवाला म्हणाला, सरांमुळे मी समोरच्या क्लासचा वर्षभरात पाडाव केला. चिखलीचा एक मिठाईवाला म्हणाला, सरांनी मला हेर नेमायला शिकवलं, आणि एवढं बोलून त्याला हुंदका आवरेना. शेवटी कुणीतरी 'आपला सेनापती गेला' म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागच्या खुर्चीवर बसून बघत होतो. पिंपरीच्या मंडईत भाजीवाली जी मेथीची जुडी हातात कोंबेल ती मुकाट्याने खोलीवर घेऊन यायचास तू. निम्मी पिवळी असायची. सेनापती म्हणे.

निघताना वैशाली वहिनींनी मला थांबवलं. तुझ्या 'चिनी सेनापती, मराठी उद्योजक' या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय म्हणाल्या. तुम्ही ह्यांचे सगळ्यात जुने मित्र, तर सुरुवातीला दोन पानं तुम्ही लिहा. आणि अकराव्या प्रकरणातली गोष्ट तुमचीच आहे असं हे एकदा बोलले होते, ती तशीच ठेवायला तुमची हरकत नाही ना, तेवढं कळवा.

हरकत काय असणार? त्या प्रकरणात माझं नावच नाही. 'चाकणमधला एक उद्योजक' म्हणून मी त्यात आहे आणि 'शत्रू' म्हणून किसनअण्णा आहेत. माझ्या शेडला लागून ज्यांची शेड होती ते किसनअण्णा. आपली शेड कशामुळे बंद पडली हे अण्णांना अजून माहीत नाही, असं मी गेली तीन वर्षं धरून चाललोय. आता ते पुन्हा छापलं जाण्याआधी त्यांना जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की तुझ्यासारखं गप्प राहून एक दिवस निघून जायचं, एवढंच मला ठरवायचं आहे. तेव्हा ही पानं वहिनींनी मागितली असली तरी ती तुझ्यासाठी आहेत. निदान आता तू मध्ये बोलणार नाहीस.

तुझा आणि चीनचा पहिला संबंध मला चांगला आठवतो. पिंपरी कॅम्पातल्या एका गाडीवर आपण दोघांत एक प्लेट मंचुरियन खाल्लं होतं आणि रात्रभर तुझं पोट बिघडलं होतं. दुसरा संबंध म्हणजे स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर घेतलेलं ते हिंदी भाषांतर. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुणा चिनी सेनापतीने लढाईबद्दल लिहिलेलं, बोटभर जाडीचं. त्यात कुठे डोंगर आला की तू त्याला 'मार्केट' म्हणायचास, नदी आली की 'कस्टमर'. रथ आला की जरा अडायचास आणि मग 'ट्रान्सपोर्ट' म्हणून पुढे जायचास. एवढ्या भांडवलावर तू पुढची पंधरा वर्षं हॉल भरवलेस. लोक वहीत उतरवून घ्यायचे. बेकरीवाले, पेंटचे डीलर, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बायका, सगळे रविवारी सकाळी आपापल्या धंद्याचं रणांगण कागदावर काढून दाखवायचे आणि तू त्यावर लाल पेनाने बाण मारायचास.

बोलणंसुद्धा बदललंस. लातूरहून आलो तेव्हा आपण दोघं एकाच खोलीत, एकाच कंपनीत ॲप्रेंटिस. दारातून शिरता शिरता 'काय करलालास रे?' असं विचारणारा तू, फोनवर मलाही 'आपण सध्या काय करत आहात' असं विचारायला लागलास. मी म्हणायचो, सुध्या, मी आहे रे. तर म्हणायचास, सवय राहिली पाहिजे.

आणि तरीही त्याच खोलीतला तू मला विसरता येत नाहीस, ही खरी पंचाईत आहे. मला कावीळ झाली होती. पिंपरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मी पंधरा दिवस पडून होतो आणि गावाकडे कळवायची माझी हिंमत नव्हती. तू रोज बसने खिचडीचा डबा घेऊन यायचास. मी खात नाही म्हटल्यावर चमच्याने भरवायचास, वर शिव्या द्यायचास. सुट्टी मिळावी म्हणून कंपनीत सांगितलंस की आजी वारली. आठ दिवसांनी दुसरी आजी मारलीस. सुपरवायझरने विचारलं, आता तिसरी कधी? तर तू म्हणालास, तिचीही तब्येत बरी नाही. तुझ्या आयुष्यातली पहिली फसवणूक तू माझ्यासाठी केलीस, सुधाकर. ती कुठल्याही पुस्तकातून आलेली नव्हती. ते ऋण मी मानतो आणि मानत राहीन.

आता अण्णांकडे येतो, कारण तुझ्या वाचकांना तिथली पद्धत ठाऊक नाही. तू ती मुद्दामच गाळलीस.

आमच्या लाइनीत आठ शेड. कुणाकडे दोन मशीन, कुणाकडे पाच. सगळे कुठल्या ना कुठल्या मोठ्या कंपनीला पार्ट देणारे. कंपनीचा माणूस ऑडिटला यायचा म्हटलं की त्याला सगळं जागच्या जागी दिसावं लागतं. लॅबमधून तपासून आणलेली, ताजं सर्टिफिकेट असलेली मोजमापाची उपकरणं, तारीख न उलटलेला आग विझवायचा सिलिंडर, प्रथमोपचाराची पेटी. आठही शेडमध्ये हे सगळं एकाच वेळी कधीच नसतं. म्हणून ज्याचं ऑडिट, त्याच्याकडे आदल्या दिवशी बाकी सातांकडून सामान जातं. माझं उंची मोजायचं हाइट गेज जायचं, अण्णांची सरफेस प्लेट यायची, कोपऱ्यावरच्या शेडमधून साहेबासाठी गादीची खुर्ची यायची. सरफेस प्लेट म्हणजे काळ्या दगडाची गुळगुळीत सपाट लादी, जिच्यावर ठेवून पार्ट मोजतात. ती उचलायला चार माणसं लागायची. एकदा एका ऑडिटरने सिलिंडरचा पोचा ओळखला आणि विचारलं, हा गेल्या महिन्यात पलीकडे होता ना? अण्णा शांतपणे म्हणाले, 'व्हय, पाव्हना आलाय.' तोही हसला आणि त्याने पुढच्या रकान्यावर टिक केली. याला लबाडी म्हणायची तर म्हणावी. पण आमच्यात कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं, हे नक्की.

त्या वर्षी एक नवा पार्ट निघाला. माझ्याकडून किंवा अण्णांकडून घ्यायचा, असं कंपनीने ठरवलं होतं. पहिलं ऑडिट अण्णांचं, माझं त्यानंतर काही महिन्यांनी. मी घाबरलो होतो. मशीन नवीन घेतलं होतं, हाताला काम कमी होतं आणि अण्णांचं काम माझ्यापेक्षा सुबक होतं. हे मला माहीत होतं, कंपनीलाही माहीत होतं. एका गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी तुला शेडवर बोलावलं. मित्र म्हणून बोलावलं होतं, तू सल्लागार म्हणून आलास. कोट घालून, त्या उन्हात.

तू दोन्ही शेडच्या मधली भिंत बघितलीस, मग ऑडिटची रीत विचारून घेतलीस. मी अगदी कौतुकाने सांगितली. आपल्याकडे कशी माणुसकी आहे हे तुला दाखवायला म्हणून. तू विचारलंस, म्हणजे तुझ्या गेजशिवाय त्याचं ऑडिट होत नाही? मी म्हटलं, तसं त्यांचं एक आहे, पण त्याचं सर्टिफिकेट संपलंय. तुझे डोळे चमकले. ते मी पाहिलं आणि तरीही गप्प राहिलो.

'गेज कॅलिब्रेशनला गेलंय म्हणून सांग,' तू म्हणालास. 'बस. बाकी काही करू नकोस.'

मी म्हटलं, अरे, शेजारी आहेत ते. तू म्हणालास, 'शेजारी असं काही नसतं. सीमा असते.' हे वाक्य म्हणताना तू स्वतःवरच इतका खूश झालास की लगेच वही काढून ते लिहून ठेवलंस. माझ्यासमोर. मी तेव्हाच तुला शेडबाहेर काढायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला चहा पाजला.

आदल्या दिवशी अण्णांचा माणूस आला, त्याला मी सांगितलं. संध्याकाळी अण्णा स्वतः आले. गेज माझ्या मागच्या कपाटात, जुन्या फायलींखाली होतं. अण्णा त्या कपाटाला टेकून उभे होते. मी म्हटलं, लॅबला गेलंय अण्णा, सोमवारी येईल. ते म्हणाले, 'बरं, बगू.' आणि इकडच्या तिकडच्या शेडमध्ये फिरत राहिले. एक मिळालं, त्याचीही तारीख उलटलेली होती. ऑडिटरने तेवढंच धरलं. नवा पार्ट गेला, मग चालू कामाबद्दलही शेरे यायला लागले, आणि वर्षा-दीड वर्षात अण्णांनी शेड बंद केली. आता तिथे कुरिअरचं गोडाऊन आहे.

तुझ्या पुस्तकात हे सगळं साडेतीन पानांत आहे. 'न लढता शत्रूचा पाडाव' वगैरे. ते प्रकरण तू चिंचवडच्या हॉलमध्ये वाचून दाखवलंस तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण न वाजवणारा मी एकटाच उरलो असतो आणि तू लगेच ओळखलं असतंस. बाहेर आल्यावर मी तुला म्हणालो, यात अण्णांचं पुढे काय झालं ते नाही. तू म्हणालास, वाचकाला त्यात रस नसतो. मी म्हणालो, मला आहे. तू म्हणालास, मग तू धंदा करू नकोस. भांडण तिथेच राहिलं, कारण तुला कुणीतरी सही मागायला आलं.

तुझ्या पुस्तकात काय राहिलं, ते सांगतो. अण्णांच्या हातून पार्ट गेल्यावर माझी पाळी आली. माझ्या ऑडिटच्या आदल्या दिवशी अण्णांची सरफेस प्लेट हवी होती. मी लाज सोडून फोन केला. अर्ध्या तासात चार माणसं ती लादी घेऊन माझ्या दारात हजर. मागे अण्णा, त्यांच्या हातात तो पोचा पडलेला सिलिंडर. मी पास झालो. हे तुला सांगितल्यावर तू म्हणालास, बघ, त्याला अजून युद्ध संपल्याचं कळलेलंच नाही. आणि हसलास. त्या दिवशी मी तुझा तिरस्कार केला, अगदी मनापासून. पण दिवाळीला फराळ घेऊन तुझ्या घरी आलोच.

जाण्याच्या महिनाभर आधी तुझा फोन आला होता. 'करत आहात' वगैरे काही नाही. नुसतं म्हणालास, ये की रे, जरा बोलायचंय. मी म्हटलं, ऑडिट आहे. नव्हतं. तुला काय बोलायचं होतं ते आता कळणार नाही. तुझ्याकडून शिकलेली युक्ती मी तुझ्यावरच वापरली, एवढं मात्र समजून घे.

इथपर्यंत लिहून मी चार दिवस कागद बाजूला ठेवले होते. काल चऱ्होलीला अण्णांच्या गावी जाऊन आलो.

अण्णांच्या शेतावर आता सोसायटी झाली आहे. गेटवरच्या रखवालदाराने माझं नाव लिहून घेतलं, मग आत सोडलं. ज्यांची ज्वारी तिथे उभी राहायची ते अण्णा त्याच सोसायटीचे पाण्याचे पंप बघतात. पोरगं नको म्हणतं, पण हात गप्प बसत नाहीत म्हणाले. पंपाच्या खोलीबाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. वाईट झालं म्हणाले, वय काय होतं त्यांचं.

मी रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो. ती सगळी विसरलो. एकदम म्हणालो, अण्णा, त्या वेळी गेज लॅबला गेलं नव्हतं. कपाटात होतं.

ते फडक्याने हात पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, 'ठावं हाय मला.'

मला वाटलं, कुणा कामगाराने सांगितलं असेल. तर म्हणाले, 'तुमचं सर आलं व्हतं की माज्याकडं. त्यांनीच सांगितलं.'

सुधाकर, तू गेला होतास. माझं ऑडिट व्हायच्या आधी, कोट घालून, त्यांच्या शेडवर. मला तू कधी बोलला नाहीस. अण्णांनी सगळं सावकाश सांगितलं. तू त्यांना म्हणालास की तुमचा पराभव झालाय, पण पराभूतालाही एक संधी मिळते. शेजाऱ्याचं ऑडिट जवळ आलंय, त्याला तुमची सरफेस प्लेट लागणार. ऐन वेळी नाही म्हणा. बस, बाकी काही करू नका. आणि तुमचीही गोष्ट मी पुस्तकात घेईन, हेही त्यांना सांगून ठेवलंस. म्हणजे मी तुझं अकरावं प्रकरण आणि अण्णा तुझं बारावं. मी तुझा मित्र आहे असं मला वाटत होतं, तेव्हा मी अण्णांच्या नकाशावरचा शत्रू होतो.

मला राग यायला हवा होता. आला नाही, निदान तेव्हा नाही. मला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. मी म्हटलं, 'अण्णा, सगळं कळल्यावरही तुम्ही प्लेट दिलीत. कशी काय दिलीत?'

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. प्रश्न त्यांना समजला नव्हता, असंच मला वाटलं.

'तुमी मागितली व्हती न्हवं,' ते म्हणाले.

मग पंपाकडे कुणीतरी हाक मारली म्हणून ते उठले. मीही उठलो. येताना आळंदीच्या रस्त्याला गाडी बाजूला घेतली. रडलो. तुझ्यासाठी रडलो का, सांगता येत नाही. तू दोघांना एकच सल्ला दिला होतास. त्याच कोटात, त्याच पुस्तकातला, जवळजवळ त्याच शब्दांत. एकाने तो ऐकला आणि एकाने ऐकला नाही. इतके दिवस तुला दगाबाज म्हणत मी हा हिशोब तुझ्या नावावर मांडत आलो होतो.

घरी येऊन वहिनींना फोन केला. म्हटलं, अकरावं प्रकरण ठेवा. फक्त 'चाकणमधला एक उद्योजक' आहे तिथे माझं पूर्ण नाव घाला, आणि प्रकरण संपल्यावर ही माझी पानं छापा, सुरुवातीला नको. वहिनींनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, 'भाऊजी, अहो, लोक काय म्हणतील तुम्हाला?'

म्हटलं, वहिनी, मी इतकी वर्षं सुधाकरला जे म्हणत आलो, तेच मला म्हणू देत.